एका पाटावर दोन पाटकरी
(कारखान्याचे संगणक-जाळे : सभासदांनी काय समजून घ्यावे?)



या पानावर आम्ही एरवी बेणे, खते, हुमणी, खोडवा व्यवस्थापन याविषयी लिहीत असतो. या अंकात मात्र कारखान्याच्या संगणक-जाळ्याविषयी लिहीत आहोत. ऊस विकास अधिकाऱ्याने हा नसता विषय कशाला हाती घ्यावा, असे काहींना वाटेल. आमची पदविका शेतीची आहे, संगणकाची नाही, हेही आधीच कबूल करतो. पण मागच्या गटसभेत एक प्रश्न असा आला की त्याचे उत्तर दिल्याशिवाय चैन पडेना.

सभा संपत आली होती. चहा यायचा होता. ज्यांना आम्ही सगळेच आण्णा म्हणतो असे एक जुने सभासद उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, लागण माझी, पाणी माझं, काट्यावर आलेला ऊस माझा. आन् मशिनीत नाव न्हाई म्हटलं की म्या काय करायचं? त्या मशिनीचा धनी कोण, तेवढं सांगा."

सभेत हशा पिकला. आम्ही मात्र हसलो नाही, कारण आण्णांच्या प्रश्नामागे एक घडलेली गोष्ट होती आणि त्या गोष्टीत चूक आमच्याच विभागाची होती. ती आज सांगतो. म्हणजे जाळे म्हणजे काय, त्याचे व्यवस्थापन म्हणजे काय आणि त्यात सभासदाचे काय अडकलेले असते, हे आपोआप कळेल.

त्या दिवशी यार्डात काय झाले

काही वर्षांपूर्वीची, ऐन डिसेंबरातली गोष्ट. आमच्या विभागाच्या खोलीत ओव्हरसिअर आणि चिटबॉय मंडळींच्या मोबाईलला नीट रेंज मिळत नव्हती. शेतावरून काढलेले फोटो, नोंदींचे तक्ते पाठवायला अडचण यायची. तेव्हा आमच्यापैकी एकाने बाजारातून वाय-फायची एक छोटी डबी आणली. घरोघरी असते तशीच. भिंतीवरच्या मोकळ्या खाचेत वायर खोचली आणि काम झाले. मोबाईल चालू लागले, सगळे खूश. संगणक विभागाला विचारायचे कोणाच्या मनातही आले नाही. आम्ही स्वतः ते पाहिले आणि "बरं झालं" म्हणालो.

दुसऱ्या दिवशी पहाटे वीज गेली आणि आली. काट्यावरचे संगणक बंद होऊन पुन्हा सुरू झाले. सुरू झाले ते काही केल्या मुख्य संगणकाशी बोलेनात. पडद्यावर एकच ओळ : सर्व्हर सापडत नाही. दोन्ही काटे असून नसल्यासारखे झाले. गाड्या येतच होत्या. नऊ वाजेपर्यंत यार्ड भरले, रस्त्यावर ट्रॅक्टरांची रांग लागली. बैलगाडीवाले बैल सोडून सावलीला बसले. तोडलेला ऊस वाळू लागतो, वजन घटते, उतारा घटतो, हे काही सभासदांना शिकवायला नको. त्यातच कोणीतरी आवई उठवली, "काटा मुद्दाम बंद पाडलाय, आता वजन मारणार!"

संगणक विभागातला तरुण इंजिनिअर सकाळपासून वायरी तपासत फिरत होता. बिघाड शोधायला त्याला साडेचार तास लागले. कारण कोणती वायर कोठून कोठे जाते याचा कागदावर नकाशाच नव्हता. शेवटी तो वायरीच्या मागोमाग चालत आमच्या खोलीत आला, ती डबी पाहिली, खोचलेली वायर उपटली आणि कपाळाला हात लावला. दहा मिनिटांत काटे सुरू झाले.

एवढ्याशा डबीने कारखाना कसा अडवला? त्यासाठी जाळ्याची रचना थोडी समजून घेऊ.

जाळे म्हणजे काय?

आपल्या उसाच्या एका खेपेचा प्रवास पाहा. जून-जुलैत आडसाली लागण झाली की ओव्हरसिअर गट ऑफिसात नोंद करतो : सभासद क्रमांक, गट नंबर, क्षेत्र, जात, लागणीची तारीख. या तारखेवरून पुढे तोडणीचा क्रम लागतो. तोडणी आली की टोळीला चिठ्ठी निघते. गाडी काट्यावर येते, भरलेले वजन होते, गव्हाणीत ऊस उतरतो, रिकाम्या गाडीचे वजन होते. निव्वळ वजन तुमच्या नावावर पडते. त्यावरून बिल, बिलातून सोसायटीची कपात आणि उरलेली रक्कम बँकेत.

गट ऑफिस, काटा, शेती विभाग, हिशेब विभाग अशा किमान चार ठिकाणी ही माहिती लागते. पूर्वी ती रजिस्टरे डोक्यावर घेऊन फिरायची. आता ती तारेतून फिरते. हे सगळे संगणक एकमेकांना जोडणारी जी व्यवस्था, तिला संगणक-जाळे किंवा नेटवर्क म्हणतात.

हे जाळे आपण उपसा सिंचन योजनेसारखे समजावे. ताकारी किंवा टेंभू योजनेचे पाणी आपण पाहतोच. जॅकवेल असते, मुख्य पाइप असतो, वितरण कुंड असते, तिथून चाऱ्या फुटतात. जाळ्यात मुख्य संगणक म्हणजे सर्व्हर, ही आपली साठवण टाकी. सगळ्या सभासदांच्या नोंदी त्यात असतात. स्विच नावाची पेटी म्हणजे वितरण कुंड. तिच्यात अनेक वायरी येऊन मिळतात आणि ज्याचा निरोप त्यालाच ती पोचवते. राऊटर म्हणजे शिवेवरचा दरवाजा. आपल्या जाळ्यातून बाहेरच्या जगाकडे, म्हणजे इंटरनेटकडे जायची वाट तिथून.

वायरींचेही शास्त्र आहे. तांब्याची नेहमीची वायर १०० मीटरपर्यंतच भरवशाची. त्यापुढे निरोप क्षीण होतो, जसे लांब चारीच्या शेपटाला पाणी पोचत नाही. काटा आणि मुख्य कार्यालय यांत अंतर जास्त असेल तर काचेच्या तंतूची, म्हणजे फायबरची वायर टाकावी लागते. तिचा आणखी एक फायदा आहे. नुसत्या काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही. वळवाच्या पावसात काट्याजवळ वीज पडली तर तांब्याच्या वायरीतून तो झटका थेट कार्यालयातल्या पेट्यांपर्यंत पोचू शकतो, फायबरमधून पोचत नाही.

पत्ता आणि पाळीपत्रक

आता त्या डबीकडे वळू. जाळ्यातल्या प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो, जसा प्रत्येक जमिनीला गट नंबर लागतो. सर्वाधिक रुळलेल्या पद्धतीत हा पत्ता चार आकड्यांचा असतो आणि प्रत्येक आकडा ० ते २५५ यांमधला. असे एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते होतात. सगळ्या जगाला ते पुरणार नाहीत हे लक्षात आल्यावर १९९० च्या दशकात असे ठरले की काही पत्ते घरगुती वापरासाठी राखून ठेवायचे. ते कोणीही आपल्या आवारात वापरावेत, पण बाहेरच्या जगात चालणार नाहीत. १० ने सुरू होणारे आणि १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते त्यांपैकीच. म्हणून आपल्या घरच्या वाय-फायचा पत्ता आणि शेजारच्या वाय-फायचा पत्ता एकच असला तरी भांडण होत नाही. प्रत्येक गावात गट नंबर १२५ असतोच की!

हे पत्ते हाताने एकेका यंत्रात भरता येतात. पण यंत्रे वाढली की एक पत्ते वाटणारा नेमतात. यंत्र सुरू झाले की ते हाक मारते, "मला पत्ता कोण देणार?" वाटणारा पत्ता देतो आणि "सर्व्हरकडे जायची वाट अमुक दरवाज्याने" हेही सांगतो. हा झाला जाळ्यातला पाटकरी. पाळीपत्रक त्याच्या हाती.

बाजारातल्या त्या डबीतही असाच एक पाटकरी बसवलेला असतो. घरी तो लागतोच. पण कारखान्याच्या जाळ्यात ती डबी खोचली आणि एका पाटावर दोन पाटकरी उभे राहिले. काट्याचे संगणक पहाटे उठले आणि त्यांनी हाक मारली. डबीने आधी ओ दिली. जो आधी उत्तर देईल त्याचे सहसा ऐकायचे, अशी या यंत्रांची रीत. डबीने दिलेला पत्ता दुसऱ्याच शिवारातला. त्या पत्त्यावरून सर्व्हर सापडणार कसा? सर्व्हर धडधाकट, काटा धडधाकट, वायर धडधाकट आणि तरी काम ठप्प. यालाच आम्ही व्यवस्थापनाचा बिघाड म्हणतो. यंत्राच्या बिघाडाला सुटा भाग मिळतो, याला मिळत नाही.

व्यवस्थापनाची पाच कामे

आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने, म्हणजे आयएसओने, जाळ्याच्या व्यवस्थापनाचे पाच भाग पाडले आहेत. आम्ही ते आपल्या भाषेत मांडतो.

पहिले, बिघाड शोधणे आणि दूर करणे. याचे सर्वांत साधे हत्यार म्हणजे 'पिंग'. माइक म्युस नावाच्या अमेरिकन संशोधकाने हा छोटासा प्रोग्रॅम १९८३ च्या डिसेंबरात लिहिला आणि तो आजही जगभर रोज चालतो. बांधावरून पलीकडच्या शेतात हाक मारावी आणि ओ येते का पाहावे, तसे हे काम. कार्यालयातून काट्याच्या संगणकाला हाक मारायची. ओ आली तर वाट मोकळी. उशिरा आली तर वाटेत गर्दी. आलीच नाही तर वाटेत कोठेतरी तुटले आहे. मग पहिल्या स्विचला हाक मारायची, मग दुसऱ्या. चारी कोठे फुटली हे जसे एकेक कुंड बघत शोधतो, तसेच.

दुसरे, मांडणीची नोंद. कोणती वायर कोठे जाते, कोणत्या यंत्राचा पत्ता काय, कोणत्या पेटीत काय बदल कोणी कधी केला, याचा नकाशा आणि वही. त्या दिवशी हा नकाशा असता तर साडेचार तासांचे काम अर्ध्या तासात झाले असते. आता तो आहे. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना नंबराची चिठ्ठी आहे.

तिसरे, वापराचा हिशेब. कोण किती पाणी उचलतो हे मीटरवर दिसते, तसे कोणते यंत्र किती माहिती ओढते हे जाळ्यातही दिसते. हंगामात कोणी कार्यालयात बसून सिनेमा उतरवत असेल आणि काट्याचे काम रखडत असेल, तर ते इथे कळते.

चौथे, वेग आणि तब्येत. बगॅसची भुकटी पेट्यांच्या पंख्यांत बसते, यंत्र तापते. उंदीर, खारी वायरी कुरतडतात. बॅटऱ्या दोन-चार वर्षांत दम सोडतात. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो. हंगाम संपला की मिलची ओव्हरहॉलिंग होते, तशी जाळ्याचीही झाली पाहिजे.

पाचवे, सुरक्षा. याविषयी जरा सविस्तर लिहितो.

किल्ल्या कोणाच्या हाती?

पासवर्ड ही किल्ली आहे, हे सगळे म्हणतात. पण गोदामाची एकच किल्ली पाच जणांच्या खिशात असली आणि माल कमी भरला, तर धरणार कोणाला? म्हणून पहिला नियम असा की ज्याची त्याची किल्ली वेगळी. दुसरा नियम, ज्याला जेवढे काम तेवढेच दार उघडावे. चिटबॉयला लागणीची नोंद भरता यावी, पण वजनाला हात लावता येऊ नये. काट्यावरच्या माणसाला वजन नोंदवता यावे, पण कालचे वजन बदलता येऊ नये. बदल करायचाच झाला तर दोन माणसांची संमती लागावी आणि कोणी, कधी, काय बदलले याची ओळ यंत्रात आपोआप उमटावी. ती ओळ कोणालाही पुसता येऊ नये.

तिसरा नियम पाळला जात नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. माणूस बदलून गेला की त्याच दिवशी त्याची किल्ली रद्द करावी. आमच्या विभागातून निवृत्त झालेल्या एका सहकाऱ्याच्या नावाची किल्ली पुढे बरेच महिने चालू राहिल्याचे तपासणीत निघाले. त्यातून वाईट काही झाले नाही, हे आपले नशीब. पण नशिबावर कारखाना चालवायचा नसतो.

चौथा नियम, पाट वेगळे करावेत. एकाच वायरीवरून, एकाच पेटीतून काट्याची माहिती, हिशेबाची माहिती आणि पाहुण्यांचे मोबाईल असे तीन वेगळे प्रवाह नेता येतात. ते एकमेकांत मिसळत नाहीत. चांगल्या स्विचला असेही शिकवता येते की पत्ता वाटायचा अधिकार फक्त अमक्या खाचेतल्या यंत्राला. दुसरा कोणी पाटकरी बोलू लागला तर त्याचे ऐकायचे नाही. ही सोय आपल्या पेट्यांत होती. कोणी चालू केली नव्हती. आता केली आहे.

बाहेरच्या चोरांचेही ऐका. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाचा विषाणू काही दिवसांत सुमारे १५० देशांत पसरला. संगणकातली सगळी माहिती तो कुलूपबंद करायचा आणि खंडणी मागायचा. ज्या फटीतून तो शिरला ती बुजवण्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच, म्हणजे दोन महिने आधी दिली होती. ज्यांनी ती बसवली नाही ते नाडले गेले. आणि सहकाराला हे लागू नाही असे कोणी समजू नये. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेत शिरून ऑगस्ट २०१८ मध्ये चोरट्यांनी दोन-तीन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये पळवले. तेही सभासद-ठेवीदारांचेच पैसे.

नक्कल, आणि तिची उगवण

आपल्या कृष्णाकाठाने २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिले. घरात पाणी शिरले तेव्हा कित्येकांचे सात-बारा, पासबुके, पावत्या भिजून लगदा झाल्या. सर्व्हर तळमजल्यावर आणि त्याची नक्कल शेजारच्याच कपाटात, असे असेल तर एकाच पुरात दोन्ही जातील.

यासाठी तीन-दोन-एक असा सोपा नियम आहे. माहितीच्या तीन प्रती असाव्यात. त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात. आणि एक प्रत दुसऱ्या गावी असावी. आम्ही यात आपल्याकडची भर घालतो : ती दुसऱ्या गावची प्रत पूररेषेच्या वर असावी आणि निदान एक प्रत जाळ्यापासून तोडून ठेवलेली असावी. म्हणजे विषाणू शिरला तरी तिच्यापर्यंत पोचणार नाही.

पण नक्कल घेतली म्हणजे संपले असे नाही. बेणे राखून ठेवले म्हणजे ते उगवेलच असे आपण धरतो काय? डोळे पाहतो, चार कांड्या लावून उगवण तपासतो. नकलेचेही तसेच. तिच्यावरून माहिती पुन्हा उभी करून पाहिली, मागच्या हंगामातल्या पाच-दहा सभासदांची वजने जुळवली, तरच ती नक्कल खरी.

वारणेचा धडा

हा विषय आपल्या भागाला नवा नाही. कै. तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेल्या वारणा सहकारी समूहाच्या परिसरात १९९८ मध्ये 'वायर्ड व्हिलेज' नावाचा प्रकल्प सुरू झाला. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणेच्या संस्था यांनी मिळून तो केला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली ७० गावे त्यात होती आणि गावांतल्या ५४ केंद्रांतले संगणक वारणानगरशी जोडले होते. देशातल्या अनेकांनी तेव्हा मोबाईलही पाहिला नव्हता. भारतात सामान्य माणसाला इंटरनेट मिळू लागले होते तेच १५ ऑगस्ट १९९५ पासून. अशा काळात शेतकऱ्याला गावातच उसाची नोंद, तोडणीची चिठ्ठी, वजन आणि खताचा हिशेब मिळावा, हा विचार फार पुढचा होता.

बाजारभाव, शेतीसल्ला, सरकारी माहिती असे पुष्कळ काही या केंद्रांतून द्यायचे मनात होते. प्रत्यक्षात शेतकरी मुख्यतः उसाच्या कामासाठीच तिथे जात राहिला. पुढे संगणक जुने झाले, दुरुस्तीचा खर्च वाढत गेला. २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या बंगळूर येथील संशोधकांनी सात गावांत एक प्रयोग करून पाहिला. केंद्रावरच्या संगणकाच्या जागी साधा मोबाईल ठेवला. आपले वजन, आपले खत याची चौकशी एसएमएसने करायची आणि उत्तरही एसएमएसने. शेतकऱ्यांना ते सोयीचे वाटले आणि खर्चही पुष्कळ कमी.

यातून आम्ही एवढेच घेतले : जाळे उभारण्याचा खर्च एकदाच होतो, सांभाळण्याचा खर्च दरवर्षी येतो. त्याची तरतूद अंदाजपत्रकात नसेल, तर उद्घाटनाच्या फोटोतला संगणक दहा वर्षांत भंगारात जातो. आणि दुसरे असे की सभासदाला जे खरोखर हवे असते ते थोडेच असते. माझी नोंद, माझी चिठ्ठी, माझे वजन, माझे बिल. ते बिनचूक आणि वेळेवर मिळाले पाहिजे.

आण्णांची पावती

आता त्या डिसेंबरच्या दिवसाकडे परत येतो, कारण गोष्ट अजून संपलेली नाही.

काट्याचा वजन दाखवणारा आकडा जाळ्यावर अवलंबून नसतो. तो स्वतः चालतो. त्यामुळे दीड तास वाट पाहिल्यावर हाताने पावत्या लिहून गाड्या आत घ्यायचे ठरले. रात्री दोन माणसे बसली, एकाने पावती वाचली, दुसऱ्याने संगणकात भरली. मध्यरात्र उलटून गेली.

बिल निघाल्यावर आण्णा आमच्याकडे आले. म्हणाले, "साहेब, माझी एक खेप न्हाई ह्यात." आम्ही संगणकात पाहिले. खरोखरच नव्हती. संगणक म्हणतो नाही, म्हणजे नाही, असे म्हणून आम्ही त्यांना परत पाठवले असते. पण आण्णांनी टोपीत घडी करून ठेवलेली हातची पावती काढली आणि टेबलावर ठेवली. सोळा-सतरा टनांची खेप होती. शोधाशोध केली तेव्हा कळले की रात्री भरताना सभासद क्रमांकातल्या दोन आकड्यांची अदलाबदल झाली होती आणि खेप दुसऱ्याच्या खात्यावर गेली होती. त्या दुसऱ्या सभासदाला तर पत्ताच नव्हता. आण्णांचे बिल दुरुस्त झाले. पण ते जाताना म्हणाले, "पावती नसती तर?" याचे उत्तर आमच्याजवळ नव्हते.

१९६६ च्या ऊस (नियंत्रण) आदेशाने ऊस आल्यापासून १४ दिवसांत पैसे देण्याचे बंधन घातले आणि उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याजाची तरतूद केली. हे १४ दिवस ज्या तारखेपासून मोजायचे, ती तारीख आज संगणकात असते. वजन तिथेच, जात तिथेच, लागणीची तारीख तिथेच. आपल्या अठरा महिन्यांच्या कष्टाचा पुरावा त्या जाळ्यात आहे. म्हणून त्याची काळजी ही फक्त संगणक विभागाची बाब नाही.

सभासदांनी काय करावे?

१. काट्याची पावती हंगामाचे शेवटचे बिल हाती येईपर्यंत जपून ठेवावी. मोबाईलवर संदेश येत असला तरी पावती घ्यावीच. संदेश आणि पावती दोन्ही जुळवून पाहावेत.

२. लागण नोंदवल्यावर आठवड्याभरात गट ऑफिसात जाऊन सभासद क्रमांक, गट नंबर, क्षेत्र, जात आणि तारीख बरोबर पडली आहे का, हे डोळ्यांनी पाहावे. चूक जूनमध्ये सापडली तर एका मिनिटात दुरुस्त होते, पुढच्या डिसेंबरात सापडली तर तोडणीच हुकते.

३. मोबाईल नंबर बदलला तर कळवावे. बंद पडलेला आपला जुना नंबर काही महिन्यांनी दुसऱ्या कोणाला दिला जातो. मग आपला संदेश त्याच्याकडे जातो.

४. "कारखान्यातून बोलतोय, बिल जमा करायचे आहे, ओटीपी सांगा" असा फोन आला तर ठेवून द्यावा. कारखाना ओटीपी कधीही विचारत नाही.

५. काट्यावर किंवा गट ऑफिसात आपला मोबाईल, पेन ड्राइव्ह कारखान्याच्या संगणकाला लावू नये. लावू द्या म्हणून आग्रहही धरू नये.

६. वार्षिक सभेत साखर, उतारा, दर याबरोबर आणखी तीन प्रश्न विचारावेत. माहितीची नक्कल कोठे ठेवली आहे? तिच्यावरून माहिती उभी करून शेवटचे कधी पाहिले? आणि जाळे बंद पडले तर काटा किती वेळात हातपावतीवर सुरू होईल?

या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आम्ही आजच देऊन ठेवतो. त्या प्रसंगानंतर काट्यावर छापील हातपावत्यांची पुस्तके क्रमांक घालून ठेवली आहेत. पंधरा मिनिटे जाळे बंद राहिले की पुस्तक उघडायचे, असा नियम आहे. पावती तीन प्रतींत निघेल. एक सभासदाला, एक काट्यावर, एक हिशेब विभागाला. रात्री भरलेल्या नोंदी दुसऱ्या दिवशी सकाळी तिसरा माणूस तपासेल. आणि आमच्या विभागाच्या खोलीतल्या मोकळ्या खाचांना झाकणे बसवली आहेत. काही जोडायचे असल्यास संगणक विभागाची सही लागते. पहिला अर्ज आम्हीच केला.

मशिनीचा धनी कोण, असे आण्णांनी विचारले होते. धनी सभासदच. पण विहिरीच्या धन्याने अधूनमधून काठावर जाऊन पाणी किती आहे ते बघायचे असते, मोटारीची पेटी कोण उघडतो हेही बघायचे असते. तेवढे लक्ष सभासदांनी ठेवावे. बाकीचे काम आमचे आणि त्यात आम्ही कमी पडलो तर सभेत उभे राहून विचारावे. आण्णांनी विचारले तसे.

जय सहकार!

— ऊस विकास अधिकारी